तीनदा ढबू

“अहो, जरा तिकडे बघा बरं. पासवर्ड आहे तो,” आई म्हणाली, आणि त्याने मुकाट्याने तोंड फिरवलं. जन्मभर ज्याला अरे-तुरे केलं, त्या मुलाला ती गेल्या वर्षापासून अहो-जाहो करत होती. तो कोण, हे तिला आठवत नव्हतं. परका माणूस आपल्याला चहा करून देतो म्हटल्यावर त्याचा मान राखायला हवा, एवढं मात्र तिला कळत होतं.

तिने नजर भिंतीवर ठेवली आणि दहाही बोटं चालवली. पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप उघडलं. नळ बंद करायला विसरणारी ही बाई हे एक दार मात्र रोज कोणाच्याही मदतीशिवाय उघडायची. मग खुर्चीत अशी ऐटीत टेकायची, की ऑफिसात अजूनही तिच्याशिवाय पान हलत नसावं. सबंध दिवसात तेवढंच काय ते तिचं तिला जमत होतं.

दारं बसवणं हा त्याचाच धंदा. इतरांच्या ॲपना लॉगिन बसवून देणाऱ्या कंपनीत तो होता, आणि सगळे त्याला ‘कुलूपवाले’ म्हणत. सध्या सगळीकडचे पासवर्ड काढून टाकायचं काम चाललं होतं. चेहरा दाखवा आणि आत या. सोमवारी आईच्या ॲपची पाळी होती. तिची सोयच होईल, असं त्याला वाटत होतं.

त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी पासवर्ड टाकून, एंटर दाबायच्या आधी ती चष्मा पुसत बसली, तेव्हा त्याने रकान्यातल्या डोळ्याच्या चिन्हावर हळूच टिचकी मारली. इंग्रजी अक्षरांची नुसती गिचमिड दिसली, पण तीच ती तीनदा. त्याच्या मनात काहीतरी चमकलं. आई जन्मभर मराठी टायपिस्ट होती. तिची बोटं इंग्रजीत चालतच नव्हती. त्याने कीबोर्डला जुन्या टाइपरायटरची मराठी लावली आणि एक कोरं पान उघडलं.

“हेच इथे एकदा टाकतेस?”

तिने टाकलं. ढबूढबूढबू.

लहानपणी तो गोलमटोल होता, म्हणून आईचा ढबू. निदान आठ अक्षरं हवीत असं यंत्राने बजावलं असणार, आणि एका ढबूला तीनच कळा लागतात, म्हणून तिने त्याला तीनदा हाक मारली होती.

“कोण हा ढबू?” त्याने विचारलं.

“काय की,” आई म्हणाली. “ऑफिसातलं असेल कुणी.”

दुपारी ऑफिसात तो साहेबीणबाईंच्या टेबलाशी उभा राहिला. “मॅडम, जुन्या लोकांसाठी पासवर्ड राहू दे ना. थोडे दिवस.”

“कुलूपवाले, तुम्हीच घसा कोरडा करून सांगत होतात ना? म्हाताऱ्या माणसांकडून गोड बोलून पासवर्ड काढून घेतात म्हणून? एक दार उघडं ठेवलं की चोर तिथूनच येणार.” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “काही खास कारण?”

कारण अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंचं खरं होतं. ज्यांना फसवलं जात होतं, त्यासुद्धा कुणाच्या तरी आयाच होत्या.

“नाही, सहज,” तो म्हणाला, आणि जागेवर जाऊन त्याने स्वतःच्या हाताने पासवर्डचा रकाना काढून टाकला.

सोमवारी आई नेहमीसारखी बसली. नजर भिंतीकडे न्यायच्या आत यंत्राने तिचा चेहरा पाहिला आणि ॲप उघडलं. तिची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

“हे काय? मला काही विचारलंच नाही.”

“आता टाइप करायला नको, आई. ते तुला चेहऱ्यावरून ओळखतं.”

तिने मान वळवली. डोळे बारीक करून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्याने चेहरा तसाच तिच्यासमोर धरला.

“बरं आहे हो त्याचं,” ती ओशाळून म्हणाली. “मला नाही जमत तसं.”

आणि तिने हात उचलून मांडीवर ठेवले.