आधी आपलं गाव

"मकबूलभाई, ढग आलेत! सोलरची वीज निम्म्यावर आली. एक फीडर लगेच बंद करा, नाहीतर सगळंच बसेल!" कंट्रोल रूममधून साहेब फोनवर ओरडत होते.

मकबूल सबस्टेशनचा ऑपरेटर. त्याच्या हाती दोन फीडर, म्हणजे वीज पुढं नेणाऱ्या दोन लाईनी होत्या. एक किल्लारीकडचा, त्याच्या स्वतःच्या गावचा. दुसरा लातूरच्या वाटेवर कोचिंगच्या पोरांसाठी उभ्या राहिलेल्या हॉस्टेलांचा. माळावर सोलर आल्यापासून ऊन गेलं की हा फोन यायचाच. आणि मकबूल दर वेळी आधी आपलंच गाव बंद करायचा. स्वतःच्या घराला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणू नये, एवढाच त्याचा हट्ट. आता अशा माणसाला काय म्हणावं!

घरी त्याची बायको अमीरबी ऑक्सिजनच्या मशीनवर. भूकंपात दोन लेकरं दगडामातीखाली गेली. तिला ओढून काढलं, पण तिची छाती कायमची अधू झाली. म्हणून खटका पाडण्याआधी तो घरी फोन करायचा, "लाइट जा री है." ती मशीनची नळी काढून सिलिंडरला लावायची. "लगा ली. छोड़ो."

आज घंटी नुसती वाजत राहिली.

"चाचा, आज हॉस्टेलचं बंद करा. त्यांच्याकडं जनरेटर हायत," सोबतचा भुजंग काकुळतीला आला.

"आन् लोक काय म्हणतील? बायकोपायी पोरांची लाईन तोडली?" मकबूलनं घड्याळाकडं पाहिलं. "जोहरची वेळ हाय. दुपारच्या नमाजला बसली असंल. उठली की लावंल नळी."

त्यानं खटका पाडला.

ढग सरले, ऊन पडलं. गावची लाईन चालू करतो न करतो तोच घरून फोन आला. मकबूलचा जीव भांड्यात पडला. पण आवाज शेजारच्या केवळाबाईचा होता.

"मकबूलभाऊ, लाईन आली, मशीन बी चालू झाली. पर अमीरबी उठंना वो. अंग गार पडलंय."

"नमाजला बसली व्हती ना?"

"कुठली नमाज! खाटंवरच हाय. हात फोनकडं गेल्याला हाय बघा."

मकबूल खुर्चीवर बसला. रडूही येईना त्याला. भुजंगनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तसाच राहिला.

तेवढ्यात पुन्हा ऊन गेलं आणि फोन खणखणला. "मी बघतो चाचा, तुम्ही घरी जावा," भुजंग म्हणाला. मकबूलनं फोन त्याच्या हातून घेतला.

"हाव साहेब. आमच्याच गावचं बंद करतो," तो म्हणाला. "घरी आता मशीन लागत न्हाई."

सवयीनं त्यानं घरचा नंबर लावला. एक घंटी वाजू दिली, फोन खाली ठेवला आणि खटका पाडला.