दिघे आणि पागनीस यांच्यामधली रेघ

"मुकुलजी, माझ्या चार ओळी कोणी काढल्या?" अबोलीनं विचारलं.

"मीच. फालतू लंबा कोड होता," मुकुल मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या त्या चिमुकल्या सॉफ्टवेअर कंपनीचा तो मालक. "नावात रेघ, टिंब कशाला पाहिजे? अक्षरं सोडून सगळं उडवलं, पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी लहान. टेस्ट पण केलं, एकदम मस्त चालतंय."

टेस्ट म्हणजे काय, हे अबोलीला पुरतं ठाऊक होतं. इथे कुठलाही फॉर्म तपासायचा तो मालकाचं नाव टाकून. जणू सगळं इंदूर मुकुल काळे नावाच्या माणसांनीच भरलंय. तिच्या जावास्क्रिप्टच्या ओळी नावातली रेघ सांभाळत आणि रेघेपुढचं अक्षर कॅपिटल करत. विचारायचीही तसदी न घेता त्यानं त्या पुसल्या होत्या.

त्याचं फळ टेबलापाशी उभं होतं. रमा दिघे-पागनीस, एका खासगी दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर. कंपनीनं दवाखान्याच्या ओळखपत्रांसाठी बनवलेल्या फॉर्ममध्ये त्यांनी नाव नीट भरलं होतं. ओळखपत्रावर इंग्रजीत ते दिघेपागनीस असं एका दमात छापून आलं होतं, पागनीसांचा पी लहान.

"बेटा, ही कोण बाई आहे?" रमाताईंनी कार्ड पुढे केलं. "दिघ्यांनी मला नर्सिंगला घातलं, तेव्हा सगळं खानदान नाराज होतं. पागनीसांनी लग्नानंतर नाइट ड्यूटी करू दिली. वडील गेले, हे पण गेले. दोघांना आपापल्या जागी राहू द्या, बस."

"अरे सिस्टर, वाचता तर येतंय ना," मुकुल हसला.

रमाताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरचं पेन उचललं, इंजेक्शन देणाऱ्या हातानं मधे रेघ ओढली, पी मोठा केला आणि कार्डाची फीत गळ्यात घातली.

"चलते. ड्यूटी आहे."

"बघा, झालं ना सॉल्व," मुकुल म्हणाला.

अबोलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग बाकीच्या सिस्टर लोकांना पण पेन वाटू का?" बोलता बोलताच तिनं चारही ओळी परत घातल्या. "आता या काढल्यात, तर माझी खुर्ची पण काढा."

अबोलीनं रकान्यात रमाताईंचं नाव टाइप केलं. रेघ राहिली, पी मोठा आला. नवं कार्ड छापून देते, हे सांगायला तिनं दाराबाहेर धाव घेतली.

रमाताई जिना उतरत होत्या. कार्ड त्यांनी दोन बोटांनी साडीपासून दूर धरलं होतं. शाई अजून ओली होती.