साखूचं दार

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," रामदास मेश्राम म्हणाले, "पण गोंडा स्टेशनच्या डेपोत मी रुळाखालच्या एका लाकडी स्लीपरवर हातोडा मारला आणि समोरच्या फलाटावरची गाडी सुटली!"

विहारातल्या सतरंजीवर बसलेल्या वीसेक माणसांत खसखस पिकली.

"साखूचं लाकूड असं खणखणलं बाप्पा, की स्टेशनमास्तरला वाटलं घंटा झाली. दाखवली त्यानं हिरवी झेंडी. दहा मिनिटं आधीच गेली गाडी. मग चौकशी बसली. साहेब म्हणाले, मेश्राम, घंटा कोणी वाजवली? म्हटलं, साहेब, झाडानं."

"आजोबा, पिछली बार तो बीस मिनट था," मागून त्यांची नात पायल म्हणाली.

"तेव्हापासून दहा मिनिटं भरून काढली असतील गाडीनं. रेल्वे आहे बाई ती."

पुन्हा हशा. हसले नाहीत ते दोघंच. एक, विहार समितीचे अध्यक्ष शशिकांत रामटेके. गोमती नगरच्या सरकारी ऑफिसात अधिकारी असलेले हे गृहस्थ रविवारी सकाळीसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल घेऊन आले होते. दुसरा विष्णू विश्वकर्मा. हा सुतार उंबऱ्यापाशी बसला होता, आणि तोही सतरंजी सोडून, उघड्या फरशीवर.

त्याच्या मागे त्यानंच घडवलेलं विहाराचं ते दार होतं. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, फुलांच्या माळा घालून उघडलेलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाजून काढणाऱ्या झळांची लू सुटली आणि एका दुपारी बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. वरपासून खालपर्यंत, कोरलेल्या धम्मचक्राच्या आऱ्यांमधून, बोट जाईल एवढी भेग.

आजची बैठक त्याचीच होती. आठ खिडक्यांचं काम बाकी होतं. ते विष्णूला द्यायचं की नाही, हे ठरायचं होतं. आणि एवढ्यावर भागणार नव्हतं. सरोजिनी नगरातल्या दोन सोसायट्यांत रामटेक्यांनीच विष्णूचं नाव सुचवलं होतं. तेही परत घेणार, असं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

आता रामदास मेश्राम म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीनं इकडे उत्तरेत आलेले. रेल्वेत चौतीस वर्षं लाकूड तपासणं, एवढंच काम. पुलावरच्या रुळांखाली घालायचे स्लीपर डेपोत येत. मेश्राम त्यांच्या टोकावर थुंकी लावलेला अंगठा फिरवत, वास घेत, हातोडा मारून कान देत. पसंत पडला तर हातोड्याच्या दुसऱ्या बाजूनं सतरा हा आकडा ठोकत. सतरा म्हणजे मेश्राम. सतरा नंबरचा एकही स्लीपर तक्रार होऊन परत आला नाही. निवृत्तीला चार वर्षं झाली, पण अजून कॉलनीत कोणी पलंग घ्यायला निघालं, तर आधी त्यांना दुकानात नेत. त्यांच्या गोष्टींवर कोणी विश्वास ठेवत नसे. अंगठ्यावर सगळे ठेवत.

साखूचा हट्टही त्यांचाच. जानेवारीत समिती सागवान म्हणत होती. मेश्राम उठून म्हणाले होते, "तथागतांचं महापरिनिर्वाण झालं ते जुळ्या शालवृक्षांखाली. त्याच झाडाला आपल्याकडे सरई म्हणतात अन् इथे साखू. ते झाड इथून जवळच्या तराईच्या जंगलात उभं असताना आपण बाहेरचा सागवान काहून आणायचा?" झालं. ठराव पास.

पण साखू हे काही सरळ मार्गी लागणारं लाकूड नव्हे. सागवानात तेल असतं, तो सुताराशी जुळवून घेतो. साखूचे तंतू एकमेकांत गुंतलेले. रंधा एका दिशेनं चालवावा तर दुसऱ्या दिशेचे उभे राहतात. खिळा ठोकला तर वाकून परत येतो. पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळाला. आतल्या लाल गाभ्याला वाळवी तोंड लावत नाही. मेश्रामांच्या म्हणण्याप्रमाणे, नानपाऱ्याला वाळवीच्या राणीनं तीन दिवस प्रयत्न करून शेवटी बदलीचा अर्ज दिला होता. आणि सुकणं? ते साखूच्या मर्जीनं. वरून होळीला कोरडा ठणठणीत दिसतो, पोटात श्रावण असतो.

फेब्रुवारीत विष्णूच्या कानपूर रोडवरच्या दुकानात मेश्रामांनी त्या फळ्या वाजवून पाहिल्या होत्या. वरचा आवाज स्वच्छ, मागून उमटणारा जडसर.

"पेट गीला है विष्णू. एक बरसात निकलने दे. दोनों सिरों पर डामर लगा, बीच में लकड़ी की पट्टी डाल, छाँव में रख."

"अध्यक्षजी चौदह अप्रैल बोले हैं, बाबूजी."

आठ दिवसांनी ते पुन्हा गेले, पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा विष्णूनं त्यांचा हातच धरला. "हम ना बोलेंगे तो काम दूसरे को चला जाएगा. पहली बार अपने नाम का काम मिला है. आप किसी से मत कहिएगा."

मेश्राम घरी येऊन बायकोपाशी, कमलाबाईंपाशी, तासभर कुरकुरले. पण समितीला बोलले नाहीत. खरं सांगायचं तर चौदा तारखेला ते दार उघडताना त्यांनाही बघायचं होतं.

आणि दार काय झालं होतं! विष्णूनं एकही खिळा वापरला नाही. आधी बारीक गिरमिटानं भोक, मग साबण फासलेला स्क्रू. पटाशीची धार दर अर्ध्या तासाला बोथट व्हायची. तो उठायचा, लावायचा, परत बसायचा. चोवीस आरे, चोवीस दिवस. उद्‌घाटनाच्या सकाळी मेश्रामांनी डोळे मिटून दारावर तळहात फिरवला होता आणि त्यांना एकही तंतू उभा सापडला नव्हता. चौतीस वर्षांत इतका साफ हात त्यांनी पाहिला नव्हता.

"मेश्रामजी, गोष्टी नंतर," रामटेक्यांनी फाइल उघडली. "मुद्दा साधा आहे. ओलं लाकूड वापरलं गेलं. कारागिरानं समितीला फसवलं. खिडक्या दुसऱ्याला द्याव्यात, असा ठराव मी मांडतो. कोणाला काही बोलायचंय?"

विष्णू फरशीकडे बघत होता.

"मला," मेश्राम म्हणाले.

लोक हसायच्या तयारीनं सावरून बसले.

"लाकूड मी पास केलं." आवाज एकदम कोरडा. त्यात ना झाड बोललं, ना गाडी सुटली. "विष्णू म्हणत होता थांबू या. मी म्हणालो, सुकलंय, लाव. माझी चूक आहे."

कमलाबाईंचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागला. "काहून हो?" त्या पुटपुटल्या. मेश्रामांनी तिकडे पाहिलं नाही.

गंमत म्हणजे, सगळ्यांचा विश्वास बसला. त्यांच्या कुठल्याच गोष्टीवर इतक्या चटकन कधी बसला नव्हता. कोणी चुकचुकलं. कोणी म्हणालं, वय होतं माणसाचं. रामटेक्यांनी चष्मा काढून पुसला.

"असं असेल तर कारागिराचा दोष नाही. पण मेश्रामजी, वाईट वाटून घेऊ नका, खिडक्यांचं लाकूड आपण दुसऱ्या कोणाकडून तपासून घेऊ."

"बरोबर आहे," मेश्राम म्हणाले. त्यांचा उजवा अंगठा मुठीत गेला होता.

रामटेके नियमानं चालणारे. त्यांनी विष्णूकडे वळून विचारलं, "विष्णू, मेश्रामजी कह रहे हैं कि लकड़ी इन्होंने पास की थी, और तुम रुकने को कह रहे थे. सच है? लिख लूँ?"

मान हलवायची होती, बस्स. मेश्रामांनी उंबऱ्याकडे बघून स्वतःचीच मान दोनदा हलवून दाखवली. आठ खिडक्या, दोन सोसायट्या, सगळं त्या एका होकारात होतं.

विष्णू उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं; त्यानं ते मागे नेऊन दाराला टेकवले.

"मत लिखिए साहब," तो म्हणाला. "बाबूजी झूठ बोल रहे हैं."