सहाणेवर पारखलेली टिप

कोपरगावात चौतीस वर्षे संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा आता नवे काही शिकावे लागेल असे मला वाटले नव्हते. माझी नात भार्गवी हिने तो समज मोडला. ती पूल खेळते. हिरव्या कापडाच्या टेबलावर एक ते नऊ आकड्यांचे रंगीत बॉल मांडलेले असतात. पांढऱ्या बॉलवर क्यू नावाच्या लांब काठीने आघात करून ते चढत्या क्रमाने टेबलाच्या कडेच्या खिशांत घालायचे; नववा घालणारी डाव जिंकते. डावाचा आरंभ ज्या जोरकस फटक्याने होतो, त्याला ब्रेक म्हणतात. त्यासाठी तिची काठी निराळी आहे.

"का निराळी?" असे मी एकदा विचारले होते.

"नेहमीच्या काठीची टिप जरा मऊ असते, आजोबा. बॉलला फिरकी देता येते. ब्रेकला फिरकी नको, नुसता जोर हवा. टिप कडक असली की जोर चामड्यात जिरत नाही."

टिप म्हणजे काठीच्या टोकावर चिकटवलेली, बोराच्या बीएवढी चामड्याची चकती. एवढ्याशा वस्तूवर एवढे काही अवलंबून असावे, हे ऐकून मला त्या खेळाविषयी आदर वाटू लागला.

यंदा जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना दसऱ्याच्या दुपारी चार वाजता होता. जिंकणारीला राज्य स्पर्धेला जायचे होते. भार्गवी मागची दोन वर्षे अंतिम सामन्यात हरली होती. दोन्ही वेळा देवळाली प्रवरा येथल्या निकिताकडून, आणि दोन्ही वेळा ब्रेक फसल्यामुळे. म्हणून यंदा तिने पुण्याहून खास कडक टिप मागवून काठीला बसवून घेतली होती.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. माझ्या पोथ्या, सूनबाई सुनीतीचा लॅपटॉप आणि भार्गवीची ब्रेकची काठी पूजेला मांडली. शस्त्राचे तेज त्याच्या मुखात असते अशी माझी धारणा. काठीचे मुख म्हणजे टिप. म्हणून मी चांदीच्या वाटीत पंचामृत काढले, काठी त्यात टोकावर उभी केली आणि पाठ आरंभिला. मला पाठाची घाई कधीच साधली नाही. आरती होईपर्यंत तासभर सहज गेला असेल. मग टोक उपरण्याने पुसून काठी देवघराच्या कोपऱ्यात ठेवून दिली. मनाला मोठी प्रसन्नता वाटली.

दसऱ्याच्या सकाळी मी दाराला झेंडूचे तोरण बांधत असताना आतून किंकाळी आली.

"आजोबा! माझ्या काठीला मुंग्या!"

खरोखरच मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग चौकटीवरून निघून थेट टिपेपर्यंत पोचली होती. भार्गवीने त्या झटकल्या आणि टिपेवर नख दाबले. नख आत रुतले. दूध, दही, मध आणि साखर पोटभर प्यालेले ते चामडे फुगून भिजल्या हरभऱ्यासारखे झाले होते.

"काय केलंत तुम्ही?"

मी सगळे सांगितले. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात सुनीतीला हसू आवरेना. मग भार्गवीही रडता रडता हसू लागली, आणि माझी अवस्था मात्र गृहपाठ विसरलेल्या विद्यार्थ्यासारखी झाली.

भार्गवी खेळते त्या क्लबाचा मालक गहिनीनाथ हा माझा जुना विद्यार्थी. ऊस सांभाळून बसस्टँडजवळ त्याने दोन टेबले टाकली आहेत. निरोप मिळताच तो मोटारसायकलवरून पत्र्याची एक डबी घेऊन आला. काठी हातात घेऊन त्याने वास घेतला.

"गुरुजी, तुमी हिला जेवाय घातलं व्हय?"

"अपराध झाला, गहिनीनाथ. उपाय सांग."

"ही काढून दुसरी बसवू. पन माझ्याकडं हाय त्या सुट्ट्या हायत. जुन्या. कंच्यावर काय लिवलं हुतं ते पुसून गेलंय. कडक कुठली आन् नरम कुठली, देवाला ठाऊक."

डबीतून सहा टिपा निघाल्या. दिसायला सख्ख्या बहिणी. भार्गवीने एकेकीवर नख दाबले. तिघींवर चंद्रकोर उमटली. त्या मऊ म्हणून बाजूला गेल्या. उरलेल्या तिघींवर काहीच उमटले नाही.

"आता या तिघींतली सगळ्यात कडक कशी ओळखायची?" ती घड्याळाकडे पाहत म्हणाली. "चुकीची लावली तर संपलंच."

मी उठून देवघरात गेलो आणि गंध उगाळायची सहाण घेऊन आलो. सुनीतीचे हसू थांबले.

"बाबा, सहाणेवर चामडं?"

"देवापुढच्या मृदंगालाही चामडेच असते, सुनीती. आणि काल जे मी देवघरात बिघडवले, ते देवघरातल्याच वस्तूने सुधारावे."

वर्गात पाठ फिरवून फळ्यावर लिहीत असतानाही कोणाचा उच्चार कोठे घसरला हे मला ऐकू येई. डोळे अधू झाले, पण कान अजून माझे ऐकतात. मी सगळ्यांना गप्प बसवले आणि वितीच्या उंचीवरून पहिली टिप दगडावर सोडली. ठप्. नाद तेथेच विरला. दुसरी सोडली. टक्. स्वच्छ, एकसंध, आणि टिप उडून भार्गवीच्या मांडीवर. तिसरी सोडली. तिचा आवाज सर्वांत मोठा आणि तीक्ष्ण.

"हीच!" भार्गवी आणि गहिनीनाथ एकदम म्हणाले.

"थांबा." मी ती पुन्हा सोडली. आवाजाच्या शेपटीला बारीक किरकिर होती. तडकलेली घंटा वाजते तशी. "ही फुटकी आहे."

"गुरुजी, जरा बी चीर दिसंना."

"मलाही दिसत नाही. ऐकू येते."

गहिनीनाथने अविश्वासाने पात्याचे टोक तिच्या कडेला लावले. थरांवर थर दाबून केलेली ती चकती पिस्त्याच्या टरफलासारखी उकलून दोन झाली. पाते खाली ठेवून तो माझ्याकडे वळला.

"म्हंजी वर्गात आमी मागच्या बाकावर काय बोलायचो, ते तुमाला सगळं ऐकू येत हुतं?"

"शब्द न् शब्द."

"आन् तरी मला काठावर पास केलं! लई उपकार."

दुसरी टिप ठरली. त्याने जुनी कापली, नवी चिकटवली आणि कडा तासल्या. वरचा भाग रुपयाच्या नाण्याच्या कडेसारखा बाकदार घासायला खरकागद हवा होता. तो आणायचा राहिला होता. मी सहाण पुढे केली. भार्गवीने टिप तिच्यावर घासायला सुरुवात केली, तेव्हा सवयीने माझा हात सहाणेबरोबर आणलेल्या पाण्याच्या पळीकडे गेला.

"पाणी नको!" तिघेही ओरडले.

सामना गहिनीनाथच्याच क्लबात होता; तेथे मी प्रथमच गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. निकिताने वाकून नमस्कार केला आणि भार्गवीकडे पाहून डोळे मिचकावले. "काठीचं पोट भरलं का गं? का अजून शिरा आणू?"

"तू फक्त बॉल मोज," भार्गवी म्हणाली.

पाच डाव आधी जिंकणारी विजयी. चार-चार अशी बरोबरी झाली आणि शेवटचा ब्रेक भार्गवीचा आला. हॉलमधला पंखा तेवढा बोलत होता. तिने टिपेला खडू लावला, वाकली, आणि मी डोळे मिटले.

टक्.

सहाणेवर ऐकलेला तोच नाद, शतपट मोठा. पाठोपाठ नऊ बॉल टेबलभर धावल्याचा गडगडाट आणि खिशांत दोन बॉल पडल्याचे आवाज. डोळे उघडण्यापूर्वीच मला कळले होते. उरलेले सात तिने एकामागून एक, शांतपणे, चढत्या क्रमाने घातले. नववा पडला तेव्हा गहिनीनाथने मला जवळजवळ उचललेच.

निकिताने पिशवीतून आपट्याची पाने काढून भार्गवीच्या हातावर ठेवली. "सोनं घे. आणि पुढच्या वर्षी तुझे आजोबा मला दे."

"आजोबा मिळणार नाहीत," भार्गवी म्हणाली, "पंचामृत हवं तेवढं ने."

सहाणेवर आता टिपेएवढी एक फिकट, गोल खूण आहे. सुनीती नवी सहाण आणू म्हणते. मी आणू दिलेली नाही. रोज सकाळी त्याच खुणेवर चंदन उगाळतो, आणि पुढच्या खंडेनवमीसाठी देवघराच्या भिंतीवर भार्गवीने लावलेली चिठ्ठी वाचतो: काठीला फक्त एक झेंडू. कोरडा.