मान्यता होती ना, सिस्टर?

वल्लरी लोपीसला नवव्या वर्षापासून फिट येत. पण गेली चार वर्षं, रोजच्या गोळ्यांमुळे, एकही आली नव्हती. आता ती एकोणीस वर्षांची होती. वडील अशोक केंद्र सरकारी कार्यालयात अधिकारी. मूळचं घर वसईचं, आता दिल्लीजवळच्या फरीदाबादेत.

आई कल्पना दर शुक्रवारी कॅथलिक करिश्मॅटिक चळवळीच्या प्रार्थनागटात जायची. हात उंचावून गाणी, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना. तिथून ती हलकी होऊन परतायची. एकदा गटाचा प्रमुख जयेश यानं वल्लरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं, "ही बरी झाली. प्रभूनं मला दाखवलंय. आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास."

अशोकला ते पटलं नाही. "डॉक्टरांना विचारू तरी."

"अहो, ही काय कुणा भोंदूची बैठक आहे?" कल्पना म्हणाली. "चर्चची मान्यता आहे या चळवळीला."

अशोकनं विषय तिथेच सोडला. संध्याकाळी वल्लरीनं विचारलं, "पप्पा, गोळी घेऊ की नको? सच बताओ."

"आई सांगते तसं कर," मोबाइलमध्ये बघतच तो म्हणाला.

वल्लरीनं गोळ्या बंद केल्या. सहाव्या दिवशी कॉलेजात तिला फिट आली, ती थांबेचना. बारा दिवसांनी ती अतिदक्षता विभागातून बाहेर आली. उजवा हात लुळा पडला होता. "आई" एवढंच नीट म्हणता येत होतं.

सिस्टर हेमलता भेटायला आल्या. निवृत्त परिचारिका, तीस वर्षं याच चळवळीत. कल्पनानं त्यांचा हात धरला. "मान्यता होती ना, सिस्टर?"

"आहे, आणि ती खरी आहे," सिस्टर म्हणाल्या. "तिचा अर्थ एवढाच, की हा मार्ग आपल्या श्रद्धेत बसतो, बिशपांच्या देखरेखीखाली अशी प्रार्थना करा. प्रत्येक प्रमुखाला दिसलेलं खरंच असतं, असं चर्च म्हणत नाही. पारखून घ्या म्हणतं. औषध सोडा असं तर मुळीच नाही. अशोक, तुमचं खातं तर खुद्द सरकारचं आहे. म्हणून तिथल्या प्रत्येक साहेबाचा हुकूम बरोबर असतो?"

"नाही," अशोक म्हणाला. मग वल्लरीनं काय विचारलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं, ते त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. "हे गटात सांगायला हवं," कल्पना म्हणाली.

शुक्रवारी दोघं गटात गेली. अशोकनं उभं राहून सगळं सांगितलं.

"भाईसाहब, बैठ जाइए," जयेश म्हणाला. "आपका विश्वास कम पड़ गया."

"मेरी हिम्मत कम पड़ी," अशोक म्हणाला. "बेटी ने मुझसे पूछा था."

काही जण उठून निघून गेले. मागच्या रांगेतली एक बाई मात्र कल्पनाजवळ आली. तिनंही जयेशच्या शब्दावर महिन्याभरापासून इन्सुलिन बंद केलं होतं. कल्पना तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेली. पुढे हे कळल्यावर तिथल्या चर्चच्या फादरांनी बिशपांना कळवलं आणि जयेशच्या बैठका थांबल्या.

वल्लरीचा हात सुधारला नाही.

वाचकहो, मान्यता चळवळीला मिळते. तिच्यातल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक शब्दाला नव्हे. देवावर विश्वास जरूर ठेवावा. त्याच्या नावानं बोलणाऱ्याला मात्र प्रश्न विचारावा, आणि तो वेळेवर विचारावा.