बादलीतलं पोवळं

"हे खाली ठेव माय, वाळूवर. याले लय उजेड सोसत नाही."

नलूने कोपरापर्यंत हात काचेच्या टाकीत घातला आणि बटणाएवढं जांभळं पोवळं राजदीपने दाखवलं तिथे टेकवलं. खाऱ्या पाण्याने हाताच्या भेगा चुरचुरल्या. आजवर पोवळं म्हणजे माळेतला लाल मणी, एवढंच तिला ठाऊक होतं. हे जिवंत असतं, हे लेकाने सांगितलेलं.

टाकी म्हणजे राजदीपचा जीव. यवतमाळच्या त्याच्या खोलीत पंखा नव्हता, पण टाकीला इन्व्हर्टर होता. काल ती टेम्पोत घालून त्याने बाभुळगावला आईकडे आणली. खोली सोडतो आहे, एवढंच म्हणाला.

आता तो एकेक समजावत होता. फांद्यांची पोवळी वर, दिव्याजवळ. मऊ, झुलणारी मधे. दोघांत वीतभर अंतर, नाहीतर एकमेकांना डंख मारतात. आणि पाणी हलतं हवं. थांबल्या पाण्यात यातलं एकही जगत नाही.

"कपाशीसारखंच हाय मंग," नलू म्हणाली. "दाट लावली का बिघडली."

कपाशीचं नाव निघालं आणि तो टाकीची काच पुसू लागला. त्याने गावोगाव विकलेल्या बियाण्याची बोंडं यंदा अळीने पोखरली होती. मामाच्या वावरातलीसुद्धा. कोणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. फक्त चहा विचारणं बंद केलं.

टाकीतले चिमुकले मासे मोठे झाले की तळून खाईन, असं तिने चिडवून पाहिलं. तो हसला नाही. मीठ किती घालायचं, वीज गेली तर काय करायचं, सांगत राहिला.

शेवटी लांब तंतूंचं एक हिरवं पोवळं बादलीत उरलं.

"हे कुठं?"

"ठेव कुठंही. आता तुयंच हाय."

नलूचा हात थांबला. सरकारी दवाखान्यात तिने जन्मभर आयाचं काम केलं होतं. जिवाचं बरंवाईट करून घेतलेली माणसं या काही वर्षांत फार पाहिली होती. वॉर्डाबाहेर बसलेल्या बायका एकच सांगायच्या. आदल्या दिवशी त्याने बैल भावाच्या दावणीला बांधून दिला. सगळं कसं नीट लावून दिलं होतं.

राजदीप दारात बूट घालत होता. नलू बादली घेऊन उंबऱ्यात बसली.

"राजू, जीव द्याले निघाला का तू?"

तो वाकून नाडी बांधत राहिला. बाहेर यवतमाळची एसटी येऊन थांबली.

"ते बादलीत मरन माय," तो म्हणाला.

"मरू दे. याची जागा तू ठरव. मी नाही ठेवत."

एसटी गेली. आत टाकीची मोटार घुरघुरत होती. राजदीपने एक बूट काढला. दुसरा पायात तसाच ठेवून तो भिंतीला टेकला.

नलू उंबऱ्यातून हलली नाही. बादलीतलं पाणी ती हाताने हळूहळू हलवत राहिली.