माहितीपत्रातली गाळलेली ओळ

मी एक जुनं माहितीपत्र आहे. मित्रांनो, मला ना कागद, ना शाई. कोलंबियाच्या डोंगरातल्या एका धरणाच्या कचेरीत, संगणकात माझा जन्म झाला. माझा वाचकही माणूस नव्हता. पाण्याची पातळी पाहून धरणाचं दार कधी उघडावं हे सांगायला तिथं कृत्रिम बुद्धीचा एक मदतनीस ठेवला होता. दार उघडण्यापूर्वी खाली नदीत वाळू काढणाऱ्यांच्या फोनवर सूचना पाठवायचं एक साधन त्याला दिलं होतं. ते कसं वापरावं, हे सांगण्यासाठी मी.

मला एदिल्मा तोवार हिनं लिहिलं. शेजारी ठेवलेलं गुळाचं गरम पाणी गार होईपर्यंत ती एकेक वाक्य मोठ्यानं म्हणून पाही. सूचना किती अक्षरांची असावी, तातडीची कोणती, कोणत्या गावाला कोणती यादी, सगळं तिनं नीट मांडलं.

दाराचं बटण आर्सेसिओकाकांच्या हाती होतं. सव्वीस वर्षं ते दार उघडण्याआधी मोटरसायकलवरून भोंगा वाजवत नदीकाठानं जात आणि शेवटचा माणूस वर चढेपर्यंत हलत नसत. आता त्यांना खुर्ची मिळाली होती.

"पोरी, सूचना गेली हे तुझ्या त्या शहाण्याला कळतं कसं?" त्यांनी विचारलं.

"उत्तर येतं ना, काका. 'पाठवली' म्हणून."

"पाठवली म्हणजे पोचली होय? दारू सोडली असा निरोप मी बायकोला रोज पाठवतो. तिच्यापर्यंत अजून पोचलेला नाही!"

एदिल्मा हसली आणि हसता हसता थांबली. तिनं माझ्यात एक ओळ घातली : 'पाठवली' म्हणजे सूचना आपल्याकडून निघाली, इतकंच, नदीपात्र रिकामं झाल्याचं माणसाकडून कळेपर्यंत दार उघडायला सांगू नये.

ती ओळ माझ्यात एक दुपारभर होती. संध्याकाळी कचेरीचे प्रमुख बर्रेरासाहेब आले.

"हे काय पुराण लावलंयस? सोमवारी राजधानीतून पाहुणे येतायत. दर वेळी माणूसच पाठवायचा, तर हा मदतनीस काय पूजेला ठेवलाय?"

"साहेब, निदान पहिले सहा महिने तरी..."

"काढ ती ओळ!"

तिनं काढली. मित्रांनो, आमच्यात गाळलेल्या जागेची खूण राहत नाही. खालची ओळ वर सरकते आणि सगळं ठाकठीक दिसू लागतं.

सोमवारी काठावरचे सगळे फोन एकदम वाजले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे सात महिने माझं कौतुकच झालं.

मग एप्रिलातला तो गुरुवार आला. आदल्या दिवशी वीज पडून टेकडीवरचा फोनचा मनोरा बंद पडला होता. वर डोंगरात धो धो पाऊस, खाली मात्र लख्ख ऊन. नुबिया आणि तिचा नवरा रुबिएल होडीत वाळू भरत होते. फोन पिशवीत घालून फांदीला टांगला होता.

दहा वाजता मदतनीसानं मला वरपासून खालपर्यंत वाचलं. तो कधीच काही वगळत नसे. त्यानं तातडीची सूचना निवडली. 'पाठवली' असं उत्तर आलं. त्यापुढं माझ्यात एवढंच होतं : यानंतर दार उघडण्यास सांगावे. त्यानं सांगितलं. पडद्यावर उमटलं, 'लोकांना कळवले आहे.' काकांनी बटण दाबलं.

लोंढा आला तेव्हा नुबियाच्या हाताला झाडाचं मूळ लागलं. रुबिएल होडी सोडवायला मागं वळला होता. तो तिसऱ्या दिवशी खालच्या गावच्या पुलापाशी सापडला.

नऊ दिवसांच्या प्रार्थना आटोपून नुबिया काळ्या कपड्यांत कचेरीत आली. "काय लिहिलं होतं ते मला वाचून दाखवा."

एदिल्मानं मला वाचलं.

"संपलं?"

"संपलं."

"मग ते यंत्र खोटं बोललं म्हणायचं?"

"नाही, बाई. त्यानं माझंच ऐकलं. मी त्याला अर्धंच सांगितलं."

"दार मी उघडलं, नुबिया," काका भिंतीकडं तोंड करून म्हणाले.

"तुम्ही येत होता ना, काका, तेव्हा रुबिएल शिव्या घालायचा. म्हणायचा, आला बघ म्हातारा, आता काम बंद. आणि तरी पहिला तोच वर चढायचा." एवढं बोलून ती निघून गेली. तिच्या मागं धावावं असं कुणालाच सुचलं नाही.

त्याच दिवशी ती ओळ माझ्यात परत आली. बर्रेरासाहेबांची बदली झाली. 'ओळ माझ्याच हातानं काढली,' असं चौकशीत सांगून एदिल्मानं नोकरी सोडली.

चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. कौतुकाच्या दिवसांत साहेबांनी माझ्या प्रती अकरा धरणांना वाटल्या होत्या. त्यांतल्या चारांनी दुरुस्ती केल्याचं कळवलं. उरलेल्या सात ठिकाणी मी अजून तसंच आहे, अपुरं आणि दिसायला नीटनेटकं. तिथले मदतनीस मला पूर्ण विश्वासानं वाचत असतील.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्हीही अशी पत्रं लिहाल. वाचणारा हुशार आहे म्हणून हात आखडू नका. जे त्याला दिसत नाही, त्यातलं तुम्ही शब्दांत घालाल तेवढंच त्याला कळतं. आणि तुमच्या नदीवरचं धरण त्या सातांपैकी असेल, तर मोठ्यांचा हात धरून आजच कचेरीत जा. मला उघडायला लावा, आणि शेवटपर्यंत वाचायला लावा. नदीत माणसं उतरलेली असतील.